जास्वंदीचा चहा : फायदे सांगण्याआधी विचारायचे चार प्रश्न



आज एका फुलाबद्दल लिहिते आहे. प्रत्येकाच्या दारात असणारं, गणपतीला वाहिलं जाणारं आणि विज्ञानाच्या तासाला आपण हमखास वर्गात नेतो ते फूल, म्हणजे जास्वंद. अलीकडे जास्वंदीच्या चहाचं खूप कौतुक ऐकू येतं. बीपी कमी होतं, वजन उतरतं, साखर आटोक्यात येते, केस वाढतात, असे मेसेज आपल्या शिक्षकांच्या ग्रुपवर दर आठ दिवसांनी फिरत असतात. त्यातलं खरं किती आणि ते मुलांना कसं सांगायचं, हा आजचा विषय.

पण आधी माझी स्वतःची चूक सांगते, कारण हा लेख तिच्यातूनच सुचला.

फळ्यावरच्या सहा ओळी

कोल्हापूरपासून थोड्या अंतरावरच्या एका खेड्यात मी उच्च प्राथमिक वर्गाला शिकवते. गेल्या वर्षी श्रावणात फुलाची रचना शिकवायची होती. मुलांनी घरून जास्वंदी आणल्या. आम्ही ब्लेडने फूल उभं कापलं, निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग ओळखलं. तास छान झाला. शेवटची दहा मिनिटं उरली होती, म्हणून मी उत्साहाने फळ्यावर 'जास्वंदीच्या चहाचे फायदे' असं शीर्षक घातलं आणि मोबाईलवर आलेल्या मेसेजमधल्या सहा ओळी उतरवून दिल्या. पहिलीच ओळ होती, 'रक्तदाब कमी होतो.' मुलांनी वहीत लिहून घेतलं.

सहामाही परीक्षेच्या आधी पालक सभा झाली. सभा संपल्यावर एका मुलीची आई मागे थांबली. म्हणाली, "मॅडम, सासूबाईंनी महिना झाला बीपीची गोळी बंद केलीय. रोज सकाळी दारातल्या फुलांचं पाणी उकळून पितात. परवा परड्यात चक्कर येऊन खाली बसल्या. दवाखान्यात नेलं तर बीपी 180 वर 110."

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. आजी अंथरुणावर बसल्या होत्या. गोळी पुन्हा सुरू झाली होती, जिवावरचं टळलं होतं. मी म्हटलं, "आजी, गोळी कशाला बंद केलीत?" त्यांनी नातीची वही उशाखालून काढली आणि म्हणाल्या, "बाई, तुमीच सांगितलासा न्हवं? शाळंत शिकवल्यालं खोटं कसं असंल?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोबाईलवरचा मेसेज लोक अर्धा खरा, अर्धा खोटा धरतात. पण तोच मेसेज फळ्यावर आला, मुलाच्या वहीत उतरला आणि त्यावर बाईंची लाल पेनची सही पडली, की त्या घरात तो शंभर टक्के खरा होतो. आपल्या फळ्याला गावात असं वजन आहे. म्हणून त्यावर काय लिहायचं याची जबाबदारीही आपलीच.

त्यानंतर मी हा पाठ पुन्हा नीट बांधला. कुठल्याही घरगुती औषधाबद्दल फायदा सांगितला जातो, तेव्हा चार प्रश्न विचारायचे : कोणतं झाड? कोणता भाग? किती? कोणासाठी? जास्वंदीचा चहा या चार प्रश्नांसाठी अगदी योग्य उदाहरण आहे. कसं ते एकेक करून पाहू.

पहिला प्रश्न : कोणतं झाड?

गंमत इथूनच सुरू होते. दुकानात 'हिबिस्कस टी' म्हणून जे लाल पाकीट मिळतं, ते बहुतेक वेळा आपल्या दारातल्या जास्वंदीचं नसतं. ते असतं तिच्या चुलत बहिणीचं, म्हणजे लाल अंबाडीचं!

'हिबिस्कस' हे एका झाडाचं नाव नाही, ती एक मोठी प्रजाती आहे. तिच्यात शेकडो जाती येतात. लिनियस या शास्त्रज्ञाने 1753 साली वनस्पतींना दोन शब्दांची नावं देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात आपल्या या दोन बहिणींना वेगवेगळी नावं मिळाली :

- जास्वंद : हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. नावाचा अर्थ 'चीनचा गुलाब'. बारमाही झुडूप. आपल्याकडे फांदी लावून वाढवतात, बी सहसा धरत नाही.
- लाल अंबाडी : हिबिस्कस सब्दारिफा. एका हंगामाचं पीक. पावसाच्या सुरुवातीला पेरतात, दिवस लहान होऊ लागले की फुलतं, दिवाळीच्या पुढे-मागे बोंडं लाल होतात.

आडनाव एक म्हणजे माणूस एक नव्हे, हे मुलांना लगेच पटतं. आमच्या वर्गात चार पाटील आहेत. एका पाटलाचे गणितातले गुण दुसऱ्या पाटलाच्या प्रगतिपुस्तकात लिहिले तर चालेल का? मुलं ओरडली, "नाही!" मग अंबाडीच्या चहावर झालेल्या अभ्यासाचे गुण जास्वंदीच्या खात्यावर कसे टाकायचे? नेमकं हेच त्या मेसेजमध्ये झालं होतं. नाव 'हिबिस्कस', फोटो जास्वंदीचा आणि फायदे अंबाडीचे.

यांचं कूळही मोठं मजेशीर आहे. कापूस आणि भेंडी याच कुळातल्या. भेंडीचं फूल, कापसाचं फूल, अंबाडीचं फूल आणि जास्वंद शेजारी शेजारी ठेवून पाहा. सगळ्यांत मधोमध एक दांडा आणि त्याला चिकटलेले पुंकेसर दिसतील. चिरलेली भेंडी आणि जास्वंदीची चुरगळलेली पाकळी दोन्ही बुळबुळीत लागतात, तेही याच नात्यामुळे.

दोघींची आपल्या घरातली जागा

जास्वंदीला संस्कृतात 'जपा' म्हणतात. नवग्रहस्तोत्रात सूर्याला जपाकुसुमाची उपमा दिलेली आहे. लाल जास्वंद गणपतीची आवडती मानतात आणि देवीलाही वाहतात. संकष्टीच्या दिवशी पहाटे कुणाच्या कुंपणावरची फुलं कोण तोडून नेतं, यावरून आपल्या गल्लीत किती भांडणं झाली असतील ते आठवून पाहा! घरगुती वापर म्हणाल तर पाने-फुले वाटून केसांना लावणे, खोबरेल तेलात फुलं कढवून डोक्याला लावणे, पाकळ्यांचं सरबत किंवा गुलकंदासारखा मुरांबा करणे, हे पिढ्यान्पिढ्या चालत आलं आहे. आयुर्वेदातही जपापुष्पाचा वापर सांगितलेला आहे, विशेषतः स्त्रियांच्या अतिरक्तस्रावावर. पण तो वैद्याच्या देखरेखीखालचा उपचार आहे, रोजचं पेय नव्हे.

अंबाडी मात्र देवघरातली नाही, ती रानातली आणि चुलीवरची. आंबटसर पानांची भाजी, त्यात तुरीची डाळ किंवा ज्वारीच्या कण्या आणि वर लसणाची खमंग फोडणी. ऋषीपंचमीच्या भाजीतही अनेक घरी अंबाडी लागते. आपल्या सीमाभागात, निपाणी-बेळगावकडे हिलाच 'पुंडी' म्हणतात आणि पुंडीपल्ल्या भाकरीबरोबर खातात. आंध्र-तेलंगणातला प्रसिद्ध गोंगुरा तोच. विदर्भ-मराठवाड्यात लाल बोंडांची चटणी आणि सरबत करतात.

आणि वाख! प्लास्टिकचे दोर येण्याआधी बैलाचा कासरा, दावं, विहिरीचा दोर यांसाठी शेतकरी बांधाकडेला अंबाडी लावायचा. ताटं पाण्यात भिजत घालून साल सोलायची आणि तिचा वाख काढून दोर वळायचा. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे आजोबा खास शाळेत आले आणि मांडीवर वाख वळून दाखवला. मुलं एवढी शांत मी कधी पाहिली नव्हती.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा. दोरासाठी लावली जाणारी अंबाडी ही बहुतेक वेळा तिसरी बहीण असते, हिबिस्कस कॅनाबिनस. तिला चहासाठी लागणारी मांसल लाल बोंडं येत नाहीत. म्हणजे 'अंबाडी' या एका शब्दाखालीसुद्धा दोन झाडं आहेत. म्हणून पहिला प्रश्न कधीच सोडायचा नाही : कोणतं झाड?

दुसरा प्रश्न : कोणता भाग?

पाकिटावर 'फुलांचा चहा' लिहिलेलं असलं तरी अंबाडीच्या चहात पाकळ्या नसतात. अंबाडीचं फूल फिकट पिवळं, मध्ये गडद लाल ठिपका असलेलं. ते एका दिवसात कोमेजून गळतं. त्यानंतर खाली राहिलेली निदलं जाड, रसाळ, लालभडक होतात आणि आतल्या बियांच्या बोंडाला मिठीत घेतात. तीच निदलं सोलून वाळवतात आणि त्यांचा चहा करतात. पुस्तकात आपण शिकवतो, की निदलं हिरवी असतात आणि कळीचं रक्षण करतात. इथे तीच निदलं लाल आणि खाण्याजोगी. मुलांना हा अपवाद हातात देऊन दाखवा, निदलपुंज ही संज्ञा पुन्हा कधी विसरणार नाहीत.

जास्वंदीच्या चहात मात्र पाकळ्याच वापरतात. हिरवी निदलं, देठ आणि मधला केसरदांडा काढून टाकतात.

फरक ओळखण्याची सोपी खूण सांगते. पेल्यात घेऊन काही न मिसळता पाहा. अंबाडीचा चहा आपोआप लालभडक आणि जिभेला आंबट लागतो, कारण त्या निदलांत मुळातच आम्लं असतात. जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी जांभळट, मळकट दिसतं आणि चव जवळजवळ नसतेच. त्यात लिंबू पिळलं की लाल-गुलाबी होतं. दुकानातलं पाकीट असेल तर मागची बारीक अक्षरं मुलांकडून वाचून घ्या : 'सब्दारिफा' लिहिलंय की 'रोझा-सायनेन्सिस'?

चहा कसा करायचा?

*अंबाडीचा :* वाळलेल्या निदलांचा एक चमचा चुरा, एक कप उकळतं पाणी. झाकून 5 ते 7 मिनिटं ठेवायचं, मग गाळायचं. आंबट वाटलं तर कोल्हापूरचा गूळ आहेच, पण खडा लहान असू द्या. उन्हाळ्यात थंड करून सरबतासारखा छान लागतो.

*जास्वंदीचा :* घरच्या झाडाची 2-3 लाल, एकेरी पाकळ्यांची फुलं. पाकळ्या नीट धुऊन, किडे-मुंग्या झटकून उकळत्या पाण्यात 5 मिनिटं झाकून ठेवायच्या. गाळून वरून लिंबाचे चार थेंब.

दोन गोष्टी पाळा. बाजारातल्या हारातली, रस्त्याकडेची किंवा नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या झाडाची फुलं वापरू नका. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण फार पडतो, त्यामुळे फवारणी झालेली असण्याची शक्यता असते. आणि हा चहा बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात करू नका, आंबट पदार्थाने धातू उतरतो. स्टीलचं पातेलं किंवा काचेचा पेला उत्तम.

अंबाडीचा चहा काही नवीन फॅशन नाही. इजिप्त आणि सुदानमध्ये तो 'करकदे' म्हणून पिढ्यान्पिढ्या प्यायला जातो, पाहुण्यांना आणि लग्नकार्यात देतात. सेनेगलमध्ये त्याला 'बिसाप' म्हणतात, मेक्सिकोत 'हामाइका', तर वेस्ट इंडीजमध्ये नाताळला 'सॉरेल' म्हणून करतात. भूगोलाच्या तासाला नकाशावर हे देश शोधायला लावा. आपल्या बांधावरचं झाड इतकं फिरलेलं आहे हे पाहून मुलांना नवल वाटतं.

तिसरा प्रश्न : किती?

'रक्तदाब कमी होतो' हे वाक्य पूर्ण नाही. किती कमी होतो? किती प्यायल्यावर? किती दिवसांनी? ही संख्या नसेल तर ते विधान विज्ञानाच्या वहीत लिहू नये, असा आता आमच्या वर्गाचा नियम आहे.

अंबाडीच्या चहावर अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात झालेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 65 माणसं होती, वय 30 ते 70. त्यांचं बीपी थोडंसंच वाढलेलं होतं आणि त्यांना बीपीची गोळी सुरू नव्हती. अर्ध्या लोकांना रोज 240 मिलीचे 3 कप अंबाडीचा चहा दिला, बाकीच्यांना तशाच चवीचं दुसरं पेय. हे 6 आठवडे चाललं. चहा पिणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी 7.2 ने उतरला, दुसऱ्या गटाचा 1.3 ने. खालच्या आकड्यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही.

हा अभ्यास मी वर्गात चक्क गणित म्हणून मांडला.

प्रश्न 1 : दोन गटांतला फरक किती? 7.2 − 1.3 = 5.9.

प्रश्न 2 : चहा न पिणाऱ्यांचं बीपीसुद्धा 1.3 ने का उतरलं असेल? (हा प्रश्न फार महत्त्वाचा. आपण काहीतरी औषध घेतोय या भावनेने, खाण्यापिण्याकडे लक्ष गेल्याने किंवा पुन्हा पुन्हा मोजल्यानेही आकडा थोडा खाली येतो. म्हणून तर दुसरा गट लागतो.)

प्रश्न 3 : एखाद्या आजीचं बीपी 180 आहे. चहाने 7 ने उतरलं असं धरलं, तर किती राहील?

वर्गातून उत्तर आलं, "173." मग मी विचारलं, "173 हे ठीक आहे का?" कुणीतरी म्हणालं, "नाही मॅडम, 120 पाहिजे ना." त्या मुलीने वर पाहिलं नाही. ती वहीतली ती जुनी ओळ खोडत होती. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, 7 म्हणजे लईच कमी की."

होय, 7 हा आकडा निरर्थक नाही. ज्याचं बीपी 132-135 च्या घरात आहे आणि गोळी अजून लागलेली नाही, त्याने मीठ कमी करणे, चालणे यांच्या जोडीला हा चहा घेतला तर तेवढीही मदत कामाची. पण 180 वाल्या आजींसाठी तो गोळीला पर्याय नाही. तोच चहा, तोच आकडा, पण माणूस बदलला की अर्थ बदलला.

आता बाकीच्या फायद्यांचं थोडक्यात :

- साखर आणि वजन : अंबाडीवर छोटे अभ्यास आहेत, पण त्यांवरून मधुमेहाच्या माणसाला भरवसा द्यावा असं ठोस काही नाही. मात्र दिवसाला चार कप साखरेच्या दुधाच्या चहातला एक कप कमी करून त्या जागी बिनसाखरेचा हा चहा घेतला, तर तेवढी साखर पोटात जायची वाचली, हे अगदी सरळ गणित आहे.
- झोप : या दोन्हींत चहापत्ती नाही, त्यामुळे कॅफिन नाही. संध्याकाळी घेतला तरी झोप उडत नाही.
- लाल रंग : हा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. जांभूळ, कोकम यांतही अशीच रंगद्रव्ये आहेत. ती ऑक्सिडीकरण रोखणारी आहेत हे प्रयोगशाळेत दिसतं, पण म्हणून 'सर्व रोगांवर उपाय' असं म्हणता येत नाही.
- केस : पाकळ्या-पानांच्या बुळबुळीत रसाने केस मऊ वाटतात. लावायला काहीच हरकत नाही. पण नवीन केस उगवतात असा दावा मुलांना सांगू नका.
- दारातली जास्वंद आणि बीपी : वरचा 7.2 चा आकडा अंबाडीचा आहे. तो जास्वंदीच्या नावावर लिहू नका.

चौथा प्रश्न : कोणासाठी?

निरोगी मोठ्या माणसाने अधूनमधून एखादा कप घेतला तर काळजीचं कारण नाही. पण पुढील लोकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नये :

1. बीपीची किंवा मधुमेहाची गोळी सुरू असलेले. चहा आणि गोळी दोन्हींमुळे आकडा जास्तच खाली जाऊ शकतो, काही औषधांच्या कामातही फरक पडतो. आणि गोळी स्वतःच्या मनाने कधीच बंद करायची नाही.
2. ज्यांचं बीपी मुळातच कमी असतं.
3. गरोदर स्त्रिया, बाळाचा विचार करणाऱ्या आणि अंगावर पाजणाऱ्या आया. जास्वंदीच्या फुलांचा गर्भधारणेवर परिणाम होतो असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे, म्हणून इथे धोका पत्करू नये.
4. आम्लपित्ताचा त्रास असणारे. अंबाडीचा चहा चांगलाच आंबट असतो.
5. लहान मुलं. त्यांना औषध म्हणून तर नाहीच नाही. दुपारच्या सरबतात चार पाकळ्या पडल्या तर ती गोष्ट वेगळी.

पालकहो, तुमच्या घरात आजी-आजोबा असतील तर आजच एक गोष्ट करा. त्यांच्या गोळ्यांचं पाकीट काढून मोजा. महिन्याच्या अखेरीस जितक्या गोळ्या उरायला हव्यात त्यापेक्षा जास्त उरल्या असतील, तर न रागावता विचारा. बरीच म्हातारी माणसं 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी सोडतात. बीपी वाढलेलं बहुतेक वेळा जाणवतच नाही, त्यामुळे बरं वाटणं हा पुरावा धरता येत नाही.

वर्गात करून पाहण्याचा उपक्रम : रंग बदलणारं पाणी

मुलांना चहाचे फायदे पाठ करायला देण्यापेक्षा हा प्रयोग द्या. खर्च जवळजवळ शून्य.

*साहित्य :* लाल जास्वंदीच्या 10-12 पाकळ्या, गरम पाणी, सहा पांढरे कप किंवा काचेचे पेले, लिंबाचा रस, चिंचेचं पाणी, खाण्याचा सोडा, साबणाचं पाणी, चुन्याची निवळी, मीठ.

*कृती :* पाकळ्या गरम पाण्यात 10 मिनिटं ठेवून रंगीत पाणी गाळून घ्या. सहा पेल्यांत सारखं ओता. मग प्रत्येकात एकेक पदार्थ थोडा थोडा टाका. टाकण्याआधी मुलांना अंदाज वहीत लिहायला सांगा, हे विसरू नका.

*निरीक्षण :* लिंबू आणि चिंचेच्या पेल्यात पाणी गडद गुलाबी होतं. सोडा, साबण आणि चुन्याच्या निवळीत हिरवट होत जातं. मिठाच्या पेल्यात म्हणावा असा बदल होत नाही.

*निष्कर्ष :* जास्वंद हा नैसर्गिक दर्शक आहे. आम्लात गुलाबी, आम्लारीत हिरवा.

याच पाण्यात ड्रॉइंगच्या कागदाच्या पट्ट्या दोन-तीनदा बुडवून सावलीत वाळवल्या, की घरचा लिटमस तयार. जोडीला हळदीची पट्टी ठेवा. हळद चुन्यात लाल होते. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करतात, तो हाच बदल, हे सांगितल्यावर आमच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

*काळजी :* चुन्याची निवळी शिक्षकांनीच हाताळावी. प्रयोगाच्या पेल्यातलं पाणी कुणी चाखायचं नाही. पिण्याचा चहा आणि प्रयोगाचं पाणी एकाच दिवशी, एकाच टेबलावर ठेवू नका.

घरचा अभ्यास

1. आजी-आजोबांना विचारून लिहा : आपल्या शेतात अंबाडी होती का? तिचं काय काय करायचे?
2. भेंडी, कापूस, जास्वंद, अंबाडी यांपैकी मिळतील ती फुलं आणून सारखेपणा आणि फरक यांचा तक्ता करा.
3. घरात आलेला कोणताही 'फायद्यांचा' मेसेज वहीत उतरवा आणि त्याखाली चार प्रश्न लिहा : कोणतं झाड? कोणता भाग? किती? कोणासाठी? ज्याचं उत्तर मेसेजमध्ये नाही तिथे कोरी जागा सोडा.

तिसऱ्या प्रश्नाच्या वह्या तपासताना मला सगळ्यात जास्त आनंद झाला. जवळजवळ प्रत्येक वहीत 'किती?' समोर कोरी जागा होती. आणि ती कोरी जागा बरोबर उत्तर होती, त्याला मी पूर्ण गुण दिले.

शेवटी

त्या आजींकडे मी नंतर पुन्हा गेले, अंबाडीची मूठभर बोंडं घेऊन. गोळी वेळेवर चालू आहे. डॉक्टरांनी बीपी आटोक्यात आल्याचं सांगितलंय. मी त्यांना सांगितलं, "आजी, मी फळ्यावर लिहिलेलं अर्धवट होतं, माझी चूक झाली." आजी हसल्या. म्हणाल्या, "चूक हुती तर हुती. पोरीनं परत नीट लिवलंय वहीत, मला वाचून दावलं." मग त्यांनीच मला अंबाडीच्या भाजीत कण्या किती घालायच्या ते सांगितलं, मापासकट. त्यांना 'किती?' हा प्रश्न माझ्याआधीपासून ठाऊक होता!

मित्रांनो, आजीबाईचा बटवा आपल्याला टाकून द्यायचा नाही. त्यात पिढ्यांचं शहाणपण आहे. पण बटव्यातली प्रत्येक पुडी उघडून, नाव वाचून, माप घेऊन मगच मुलांच्या हातात द्यायची आहे. दारातली जास्वंद देवाला वाहा, केसांना लावा, तिच्या पाण्याचे रंग बदलून दाखवा. बांधावर एक ओळ अंबाडीची लावा. चहाही प्या, छान लागतो. फक्त फळ्यावर 'फायदे' हा शब्द लिहिताना खडू क्षणभर थांबवा आणि ते चार प्रश्न आधी स्वतःला विचारा.